वणव्याचा प्रेक्षक



ज्या दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांना नाटकाइतकेच नाटक पाहणाऱ्या माणसांचेही कुतूहल असे, असे त्यांचे विद्यार्थी सांगतात. ऐन रंगलेल्या प्रवेशात मान वळवून ते मागच्या रांगांतील चेहरे न्याहाळीत बसत आणि त्यापायी शेजाऱ्यांची बोलणीही खात. त्यांच्या या खोडीचा आधार घेऊनच मी आजचा विषय योजिला आहे. चित्रपटाविषयी बोलावयाचे, परंतु नजर मात्र पडद्याकडे पाठ करून प्रेक्षागाराकडे लावावयाची, असा माझा बेत आहे. चित्रपट अगदी अलीकडचा आहे: पॉल ग्रीनग्रास या इंग्रज दिग्दर्शकाचा ‘द लॉस्ट बस’. २०२५ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात तो प्रथम दाखविला गेला, थोडे दिवस काही मोजक्या चित्रगृहांत फिरला आणि ऑक्टोबरच्या ३ तारखेपासून ॲपल टीव्हीवर आला. म्हणजे बहुसंख्य प्रेक्षकांनी तो आपापल्या घरी बसूनच पाहिला. या गोष्टीकडे मी पुढे पुन्हा वळणार आहे.

चित्रपटाचा विषय काल्पनिक नाही. २०१८ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस, सूर्योदयाच्या सुमारास, उत्तर कॅलिफोर्नियातील फेदर नदीच्या दरीत पुल्गा नावाच्या लहानशा वस्तीनजीक, उच्च दाबाची वीज वाहून नेणाऱ्या एका मनोऱ्यावरील सुमारे शंभर वर्षे वयाचा लोखंडी आकडा झिजून तुटला, त्यावर लटकलेली तार मनोऱ्यास घासली आणि तिच्या ठिणग्या खालच्या वाळल्या गवतावर पडल्या. शरद ऋतूत त्या डोंगरांतून ईशान्येकडून कोरडे, सुसाट वारे वाहतात; त्या वर्षी पावसाचा थेंबही वेळेवर पडला नव्हता; आणि वाऱ्याच्या वाटेवर, दोन खोल दऱ्यांच्या मधल्या डोंगरसोंडेवर, सुमारे २६,००० वस्तीचे पॅराडाइज नावाचे गाव होते. निवृत्त, वृद्ध आणि बेताच्या उत्पन्नाची माणसे तेथे मोठ्या संख्येने राहत. दोन तासांच्या आत आग गावात शिरली. ८५ माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील बहुसंख्य वृद्ध. १८,००० हून अधिक इमारती भस्मसात झाल्या. आणि दीड लाख एकरांहून अधिक प्रदेश जळाल्यावर, सतरा दिवसांनी, आग पुरती आटोक्यात आल्याचे जाहीर झाले.

या प्रलयातून केव्हिन मॅके नावाच्या, शाळेच्या बसवर लागून अवघे काही महिनेच झालेल्या चालकाने २२ मुलांना सुखरूप बाहेर काढले. एरवी घटकाभराचा तो उतार, पण त्या दिवशी त्याला सुमारे पाच तास लागले, कारण गावातून खाली जाणारे मोजके रस्ते पळणाऱ्या मोटारींनी तुंबले होते. धुराने मुलांचा जीव घुसमटू लागला तेव्हा त्याने अंगातला सदरा फाडून त्याच्या चिंध्या केल्या, जवळच्या थोड्याशा पाण्यात त्या भिजविल्या आणि एकेका मुलाच्या नाकातोंडाशी धरावयास दिल्या. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’च्या तत्कालीन बातमीदार लिझी जॉन्सन यांनी या आगीवर लिहिलेला ग्रंथ २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला; चित्रपट त्याच्या आधारे रचलेला आहे. मॅथ्यू मॅकॉनहे यांनी चालकाची आणि अमेरिका फेरेरा यांनी मेरी लुडविग या शिक्षिकेची भूमिका केली आहे. वास्तवात त्या बसमध्ये दोन शिक्षिका होत्या. पडद्यावर एकच उरली आहे. नायकाच्या आईचे आणि मुलाचे काम मॅकॉनहे यांच्या सख्ख्या मातोश्रींनी आणि सख्ख्या चिरंजीवांनी केले आहे, आणि या योगायोगावर खर्ची पडलेली शाई बघता प्रेक्षकांना आगीपेक्षाही नटाच्या घरच्या गोष्टीत अधिक गोडी असते की काय, अशी शंका येते.

आता प्रतिक्रिया. परीक्षकांचे मत दोन बाबतींत बहुतेक एकमुखी पडले. बसच्या प्रवासाचा भाग श्वास रोखून धरावयास लावणारा आहे, आग इतकी जिवंत आणि इतक्या जवळून पडद्यावर क्वचितच आली आहे, हे एक. आणि चालकाच्या घरच्या कटकटी, म्हणजे रुसलेला मुलगा, आजारी आई, हातून निसटलेले आयुष्य, हे सारे प्रारंभी ओढूनताणून आणल्यासारखे वाटते, हे दुसरे. या दुसऱ्या आक्षेपाशी मी पूर्णपणे सहमत आहे. ज्या माणसाच्या पाठीशी दुसऱ्यांची २२ मुले आणि पुढे ज्वाळा आहेत, त्याच्याविषयी आमच्या मनात अनुकंपा उत्पन्न व्हावी म्हणून त्याला आधी संसारात हरवावयाची काय गरज होती? भय स्वयंपूर्ण असते. त्याला करुणाची उसनवारी करावी लागत नाही. परंतु पटकथाकारांच्या धंद्यात असा एक अलिखित कायदा आहे की, संकटाने नायकाचे एखादे जुने कौटुंबिक देणे फेडून घेतलेच पाहिजे, आणि ग्रीनग्राससारखा वृत्तचित्रांच्या मुशीतून आलेला दिग्दर्शकही त्यापुढे मान तुकवितो.

आमच्या लहानशा चित्रमंडळाने हा चित्रपट एका सभासदाच्या दिवाणखान्यात मोठ्या पडद्यावर पाहिला. मी आपला मागे बसून चेहरे पाहत होतो. एक तरुण अभियंता ज्वाळा खऱ्या किती आणि संगणकाच्या किती याचा हिशेब शेजाऱ्याच्या कानात सांगत होता. एका डॉक्टरीण बाईंनी धुराची दृश्ये सुरू होताच पदर नाकाशी नेला आणि तो चित्रपट संपेपर्यंत तेथेच राहिला. मात्र माझे लक्ष खिळले ते एका वृद्ध गृहस्थांवर. ते एसटीत चालक होते, उभी हयात कोकणच्या घाटांत गाडी चालविण्यात गेली. आगीकडे ते पाहतच नव्हते. त्यांचा उजवा पाय सतरंजीवर ब्रेक दाबीत होता, आणि पडद्यावरील चालकाने वर आरशात पाहिले की यांचीही नजर वर जाई. मध्ये एकदा, चालक आणि बसचे नियंत्रण-केंद्र यांमधला बिनतारी संपर्क तुटतो त्या प्रसंगी, ते मोठ्याने म्हणाले, “संपलं. आता वाट विचारायची कुणाला?” नंतर चहाच्या वेळी मी त्यांना विचारले की, आगीची भीती नाही का वाटली? ते म्हणाले, “सर, आग दिसत होती हो. धुरापलीकडे समोरून काय येतंय ते दिसत नव्हतं. मार्चात घाटात गवत पेटलं की आम्ही गाडी धुराच्या अलीकडं उभी करायचो ती त्याच्यासाठी.” एवढ्या परीक्षणांत मी हा मुद्दा कोठे वाचला नव्हता; आणि पॅराडाइजच्या लोकांच्या आठवणींत मात्र तो वारंवार येतो. सकाळी नऊ वाजता मध्यरात्रीसारखा काळोख झाला, गाडीच्या दिव्यांचा उजेड हातभरही पुढे जाईना आणि त्या काळोखात घरगुती वायूच्या टाक्या फुटल्याचे आवाज तेवढे येत राहिले, असे ते सांगतात.

भयावह दृश्य पाहून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. तात्यासाहेब केळकरांनी १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनात ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली ती याच प्रश्नाच्या उत्तरादाखल. रसिक परक्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वतःचे भान संपूर्ण सोडीत नाही, आणि या दुहेरी अवस्थेतच त्याचा आनंद असतो, असा तिचा आशय. त्याही आधी सुमारे नऊ शतके, काश्मीरच्या अभिनवगुप्ताने भयानक रसाचा विचार करताना जे उदाहरण घेतले ते शाकुंतलाच्या आरंभीच्या हरिणाचे. राजाचा रथ मागे लागला आहे, हरिण मान वळवून वळवून मागे पाहते आहे, अर्धवट चावलेले गवत वाटेवर सांडते आहे. ते हरिण कोणते, त्याला भिवविणारा कोण, मी भ्यालो की दुसरा कोणी, हे सर्व विशेष गळून पडतात आणि उरते ते केवळ भय. काळाच्या व स्थळाच्या बंधनातून सुटलेले म्हणूनच आस्वाद्य असलेले. आणि या आस्वादाच्या आड येणारी विघ्ने मोजताना त्याने एक विघ्न असे सांगितले आहे की, पाहणारा स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासलेला असला तर रस उत्पन्न होत नाही. डॉ. के. ना. वाटवे यांचा ‘रसविमर्श’ वाचून परीक्षा दिलेल्या आमच्या पिढीला ही विघ्नांची यादी पाठ होती. तिचा असा प्रत्यक्ष उपयोग कधी होईल असे मात्र वाटले नव्हते.

कारण पॅराडाइजचा रहिवासी हा चित्रपट पाहावयास बसतो तेव्हा नेमके हेच विघ्न त्याच्या शेजारी येऊन बसते. हरिण तोच आहे. ज्या वळणावर बस अडकते ते वळण त्याला ठाऊक आहे. किंबहुना ते वळण चुकीचे दाखविले आहे हेही त्यालाच ठाऊक आहे, कारण चित्रीकरण त्या गावी झालेच नाही, ते दूर न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत झाले. अशा प्रेक्षकाच्या प्रतिक्रिया रसशास्त्राच्या कोणत्याच खान्यात बसत नाहीत. आमच्यावर काय गुदरले ते जगाला एकदाचे कळले, म्हणून कुणाला समाधान वाटेल. कुणी तो पाहावयाचाच नाही असे ठरवील. आणि कुणी अर्ध्यावर उठेल. येथे घरी बसून पाहण्याचा मुद्दा येतो. जुन्या प्रेक्षकापाशी अंधाऱ्या सभागृहातून शेजाऱ्यांचे गुडघे ओलांडीत बाहेर पडणे एवढाच उपाय होता. आजच्या प्रेक्षकाच्या हाती चित्र थांबविण्याची कळ आहे. आग जेथे असह्य होते तेथे तो तिला उभी करतो, पाणी पितो, अंगणात फेरी मारून येतो आणि जमले तर पुढे पाहतो. त्या सकाळी जे त्याच्या हाती यत्किंचितही नव्हते ते येथे सर्वस्वी त्याच्या हाती आहे, आणि म्हणून अशा चित्रपटाने दुखावलेल्या माणसांना घरचा पडदा हा चित्रगृहापेक्षा दयाळू ठरतो, असे माझे मत झाले आहे. एरवी चित्रगृहांच्या ओसाडीबद्दल मी कुणापेक्षाही कमी अश्रू ढाळलेले नाहीत.

ग्रीनग्रास यांना दुखावलेल्या प्रेक्षकाचा हा अनुभव नवा नव्हता. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत झालेल्या विमानांपैकी एकाची हकीकत त्यांनी ‘युनायटेड ९३’ या चित्रपटात मांडली, तेव्हा २००६ च्या वसंतात तिची नुसती पूर्वदृश्ये पाहूनच न्यूयॉर्कचे प्रेक्षक अस्वस्थ झाले, आणि मॅनहॅटनमधील एका चित्रगृहाने तक्रारींवरून ती दाखविणे थांबविले. इतक्या लवकर नको, असा त्या तक्रारींचा सूर होता. मग किती वर्षांनी चालेल? पॅराडाइजची आग आणि हा चित्रपट यांमध्ये सात वर्षांचे अंतर आहे. पण चित्रपट तयार होत असतानाच, २०२५ च्या जानेवारीत, लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आणि आल्टाडीना या भागांतील हजारो घरे वणव्यात जळाली. म्हणजे ज्या नगरीत चित्रपटांचा व्यवसाय चालतो, त्याच नगरीचे प्रेक्षक स्वतःच्या घरांची राख झाल्यावर काही महिन्यांतच दुसऱ्याच्या आगीचे चित्र पाहत होते. काळाचे अंतर मोजण्यास तेथे जागाच उरली नाही.

प्रेक्षक आणि आग यांचा संबंध, तसे पाहिले तर, चलच्चित्राच्या जन्मापासूनचा आहे, आणि तो नेहमी पडद्यापुरताच राहिलेला नाही. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे प्रथम दाखविली गेली. पुढल्याच वर्षी मे महिन्यात पॅरिसच्या एका धर्मादाय बाजारात प्रक्षेपकाच्या दिव्यामुळे भडका उडून शंभराहून अधिक माणसे, बहुतांशी उच्च कुळांतील स्त्रिया, जळून मेली. त्या काळची फीत स्वतःच ज्वालाग्राही असे. म्हणूनच हिंदुस्थानात १९१८ मध्ये चित्रपटांसंबंधी जो पहिला कायदा झाला त्यात चित्रांची तपासणी आणि प्रेक्षकांची आगीपासून सुरक्षितता हे दोन्ही विषय एकाच दमात हाताळले गेले. तपासणीचा भाग पुढे भलताच फोफावला. दुसऱ्या भागाचे काय झाले ते १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रगृहात दिसले. ‘बॉर्डर’ चालू असताना तळमजल्यावरील विद्युत-रोहित्रातून पेटलेल्या आगीचा धूर वर चढला, वाढीव खुर्च्यांनी बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या, आणि ५९ माणसे गुदमरून मेली.

दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहना’ची गोष्ट मात्र निराळी आणि अधिक विचारात घेण्यासारखी आहे. १९१७ मध्ये गिरगावच्या वेस्ट एंड चित्रगृहात हे चित्र लागले तेव्हा पडद्यावर श्रीराम येताच प्रेक्षक पायांतील वहाणा काढून नमस्कार करीत, हे सर्वश्रुत आहे. राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच नटाने केली होती याची कुणाला अडचण वाटली नाही. माझ्या कुतूहलाचा विषय वेगळा आहे. त्या चित्रात एक संपूर्ण नगर पेटते, आणि प्रेक्षक हर्षभरित होतात. लंकेच्या कुठल्या गल्लीत कुणाची म्हातारी आजी घरात अडकली होती, हा प्रश्न गिरगावात कुणीही विचारला नाही. तो विचारावयाचा नसतो, कारण तेथे प्रेक्षक अग्नीच्या बाजूचा असतो. महाभारतातील खांडववनाचे दहन वाचतानाही आपण पिढ्यान्पिढ्या तसेच वागलो. अग्नी क्षुधार्त ब्राह्मणाच्या रूपाने येतो, कृष्णार्जुन त्याला अख्खे अरण्य खाऊ घालतात, पळू पाहणारे प्राणी पुन्हा आत लोटले जातात, आणि श्रोते शस्त्रलाभाची कथा ऐकून संतुष्ट होतात. त्या कथेत होरपळणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसण्याचे धैर्य मराठीत ठळकपणे केले ते इरावतीबाई कर्वे यांनी, ‘युगान्ता’तील मयसभेवरच्या प्रकरणात. तो लेख वाचल्यापासून मला कोणत्याही आगीच्या कथेत प्रथम हेच पाहावेसे वाटते की, लेखकाने आपल्याला बसविले आहे कोठे.

‘द लॉस्ट बस’ने आपल्याला बसविले आहे दोन ठिकाणी, आणि चित्रपटाचे सामर्थ्य आणि वैगुण्य दोन्ही मला येथेच दिसतात. बराच वेळ आपण बसमध्ये, मुलांच्या मधोमध असतो. पण मधूनमधून छायालेखक आपल्याला उचलून वाऱ्याच्या पाठीवर बसवितो; दरीच्या उतारावरून, झाडांच्या शेंड्यांना घासत, सावजाचा माग काढणाऱ्या श्वापदाच्या नजरेने आपण गावाकडे झेपावतो. अनेकांना ही दृश्ये अतिशय आवडली. आग हीच खरी खलनायिका, असे उद्गार सर्वत्र निघाले. हे उद्गार मला खटकतात. श्वापदावर खटला भरता येत नाही.

प्रत्यक्षात खटला भरला गेला होता. तो मनोरा जिच्या मालकीचा होता त्या पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या वीजकंपनीवर. ब्यूट परगण्याच्या सरकारी वकिलांनी तुटलेल्या आकड्यापासून कंपनीच्या दफ्तरापर्यंत माग काढला. १९२० च्या सुमारास उभारलेल्या त्या वाहिनीवरील झीज बारकाईने तपासण्याची तजवीज कशी वर्षानुवर्षे झाली नाही, ते त्यातून उघड झाले. आणि २०२० च्या जूनमध्ये कंपनीच्या मुख्याधिकाऱ्याने न्यायासनापुढे उभे राहून ८५ मृतांपैकी ८४ माणसांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. मृतांची नावे एकेक करून वाचली गेली, त्यांची छायाचित्रे दाखविली गेली, आणि प्रत्येक नावागणिक त्याने कबुलीचा जबाब दिला. कंपनीला तुरुंगात धाडण्याची सोय कोणत्याच कायद्यात नाही. तेव्हा दंड झाला तो सुमारे ३५ लाख डॉलर, म्हणजे तिच्या दौलतीच्या मानाने चिरीमिरी. नुकसानभरपाईचा व्यवहार निराळा आणि अर्थात पुष्कळ मोठा होता. चित्रपट हे सर्व दडवितो असे मी म्हणत नाही. त्याचा आरंभच वाऱ्याने झोडपलेल्या विजेच्या तारांपासून होतो. परंतु प्रेक्षकाचे चित्त एका वेळी एकाच भयाला जागा देते, आणि दोन तास श्वापदाचा पाठलाग सोसलेल्या माणसाला गंजलेल्या आकड्यावर रागावण्याचे त्राण उरत नाही. ८४ वेळा कबुली देणाऱ्या त्या माणसाच्या दृश्यात ज्वाळा नाहीत, धावपळ नाही. मला विचाराल तर त्या साऱ्या प्रकरणातले सर्वांत भयानक दृश्य तेच होते, आणि ते पडद्यावर नाही.

आगीच्या स्वरूपाबद्दलही असेच. लोकांच्या स्मरणात राहते ती ज्वाळांची अजस्र भिंत. वास्तविक पॅराडाइजची घरे बव्हंशी भिंतीने पाडली नाहीत. जळते सालपट आणि निखारे वाऱ्याबरोबर कितीतरी पुढे उडाले, पन्हळीत साठलेल्या पानांत, लाकडी पायऱ्यांखाली, पोटमाळ्याच्या झरोक्यांत जाऊन पडले. एक घर पेटले की त्याच्या धगीने शेजारचे पेटले. नंतरच्या छायाचित्रांत जळून सपाट झालेल्या घरांच्या मधोमध उंच वृक्ष हिरवेगार उभे दिसतात, ते त्यामुळेच. गाव सोडण्याच्या योजनेची कथा अशीच रूक्ष आणि अशीच घातक. २००८ मधल्या आगींनी दिलेल्या धड्यानंतर गावाचे विभाग पाडून एकेक विभाग क्रमाक्रमाने रिकामा करण्याची व्यवस्था आखली गेली होती, कवायतीही झाल्या होत्या. सर्व विभाग एकाच वेळी पेटतील हे कुणी गृहीत धरले नव्हते. इशारे पुष्कळांपर्यंत पोहोचलेच नाहीत. पन्हळ, झरोका, रस्त्याची रुंदी आणि दूरध्वनीची यादी, यांच्यावर थरारपट होत नाही, हे मला मान्य आहे.

यावर कोणी म्हणेल, चित्रपट हा चित्रपट आहे, त्याच्या प्रेक्षकाकडून पालिकेच्या सभासदाचे काम कशाला अपेक्षावे? तर प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेने धोरणे कशी बळावतात याचा दाखला अमेरिकेतच आहे. १९४२ मध्ये वॉल्ट डिस्ने यांचा ‘बॅम्बी’ आला. त्यातील वणवा पाहून मुले घाबरली, रडली. आणि त्या रडण्याचे बळ ओळखून तेथील वनखात्याने दोनच वर्षांनी त्या पाडसाला आपल्या भित्तिपत्रकावर आणले. करार वर्षभराचाच असल्याने पुढे त्याच्या जागी टोपी घातलेले अस्वल आले, ते आजतागायत आहे. आग ही सदासर्वदा शत्रू, असे मानण्याचे शिक्षण एका अख्ख्या पिढीस मिळाले. धोरण तर आधीपासूनच तसे होते: दिसलेली प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझलीच पाहिजे, असा १९३५ पासून वनखात्याचा दंडक होता. ज्या डोंगरांत पॅराडाइज वसले तेथील मूळचे कॉनकाव मैदू लोक ठराविक मोसमात, बेताने, रान जाळीत. असल्या जाळण्याला कायद्याने बंदी झाली होती, आणि आता लोकमतही तिच्या पाठीशी उभे राहिले. न जळलेले इंधन रानांत साठत गेले, असे वनशास्त्रज्ञ सांगतात. मात्र तेवढ्यावरून पॅराडाइजचा निकाल लावणे घाईचे होईल, कारण पुल्गा आणि ते गाव यांमधला बराचसा टापू २००८ मध्ये जळून गेलेलाच होता, आणि त्यावर वाढलेल्या गवताझुडपांतून ही आग उलट अधिकच वेगाने धावली. आगीविषयीचे कोणतेही एक-ओळी सत्य फार काळ टिकत नाही.

आपल्याकडे फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सह्याद्रीच्या उतारांवर रात्री ज्या पेटत्या रेघा दिसतात, त्यांच्यावर असा चित्रपट निघालेला नाही. निघण्याचा संभवही कमी, कारण आपला वणवा बहुधा जमिनीलगत सरपटतो. गवत, पालापाचोळा, नवी रोपे, पक्ष्यांची अंडी आणि सरपटणारे प्राणी जाळून तो पुढे जातो, आणि माणसाचा पाठलाग सहसा करीत नाही. पुढच्या वर्षी गवत दाट यावे म्हणून कुणी काडी लावतो, विदर्भात तेंदूच्या कोवळ्या पानासाठी किंवा मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून लावतो. १९२७ च्या वन कायद्याखाली राखीव जंगलात ते गुन्हा आहे, पण गुन्हेगार सापडल्याचे क्वचितच ऐकू येते. वनखाते हिवाळ्यात जाळरेषा काढते, आणि उन्हाळ्यात हंगामी मजूर हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपीत डोंगर चढतात. त्यांना प्रेक्षक नाही. मोटारीतून जाणारे आपण काच वर करतो आणि दृश्य मोठे मनोहर दिसते म्हणून छायाचित्र घेतो. ही देखील एक प्रतिक्रियाच आहे, आणि केळकरांच्या समाधीत तिला कोणते स्थान द्यावे ते मला उमगत नाही.

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी येत्या महिन्यात हा चित्रपट येथे दाखविण्याचा मनोदय मजजवळ व्यक्त केला, त्यास माझा रुकार आहे. सूचना एवढीच की, त्याच्या आदल्या सायंकाळी रॉन हॉवर्ड यांचा ‘रीबिल्डिंग पॅराडाइज’ हा २०२० चा वृत्तपट दाखवावा. त्यात आग पहिल्या काही मिनिटांतच येऊन जाते. उरलेला सगळा वेळ जळिताच्या नंतरच्या वर्षाचा आहे. नळाच्या पाण्यात उतरलेले विषारी बेंझीन, भलत्याच ठिकाणी भरणाऱ्या शाळा, भरपाईची कागदपत्रे, आणि गावकऱ्यांच्या सभेत प्रश्नांना सामोरे जाणारे वीजकंपनीचे लोक. रूढ क्रम याच्या उलट असतो, हे मी जाणतो: आधी रंजन, मग ज्यांना हौस असेल त्यांच्यासाठी वास्तव. परंतु वृत्तपटातील ते कंपनीवाले पाहून आलेला श्रोता दुसऱ्या दिवशी दरीवरून झेपावणाऱ्या त्या कॅमेऱ्यासंगे तितक्याच उत्साहाने उडतो काय, हे मला पाहावयाचे आहे. मी मागच्या रांगेत असेन.